जुनी टर्बो पेट्रोल गाडी फार पिते? आधी या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "गाडी विकून टाकू का? लिटरला आठ किलोमीटरच्या वर जातच नाही." गाडी साधारण २०१० ते २०१७ च्या दरम्यानची असते: लॉरा टीएसआय, लिनिया टी-जेट, पोलो जीटी, इकोबूस्टवाली इकोस्पोर्ट, बलेनो आरएस. यातल्या बऱ्याच गाड्या ठणठणीत असतात. मालक मात्र नेमकं काय बिघडलंय हे न बघता पार्ट बदलत सुटलेले असतात. मीही त्यातून गेलोय. २०१२ ची टर्बो पेट्रोल सेदान सात वर्षं मुलुंड ते वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) रोज चालवतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

अ‍ॅव्हरेज अंदाजाने काढणं

डिस्प्लेवर दिसतो तो कॉम्प्युटरने बांधलेला अंदाज. माझ्या गाडीत तो कायम दहाएक टक्के जास्तच दाखवतो. पाचशेचं टाकून रिझर्व्हचा दिवा लागेपर्यंत किती चालली, हा हिशोब तर त्याहून वाईट, कारण गाडी चढावर आहे की उतारावर यावरही तो दिवा पुढेमागे लागतो.

माझी पद्धत ठरलेली आहे. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, सकाळी कामावर जाताना. नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरायचं आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. ३०५ किलोमीटर, ३१.४ लिटर, म्हणजे ९.७. अशा सलग तीन टाक्यांची सरासरी धरायची. "साहेब, राउंड फिगर करू?" याला ठाम नाही म्हणा. हिशोब तर बिघडतोच, शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरून तो निकामी करू शकतं.

तीन टाक्या संपायला महिना लागतो आणि बहुतेकांना तेवढा धीर नसतो. पण हा महिना दिल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. आणि पोलो जीटी टीएसआयचा १७.२ हा एआरएआयचा (गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचा) आकडा प्रयोगशाळेतला आहे. संध्याकाळी सातला एलबीएस मार्गावर अडकलेल्या गाडीला तो लावू नका.

इंजिन पुरेसं गरम होतंय का, हे न बघणं

ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर गेला की सगळे घाबरतात, तो खाली राहिला तर कुणाचं लक्ष जात नाही.

गाडी घेतली तेव्हा ती सेकंडहँड होती आणि शहरात ८.१ देत होती. गॅरेजमध्ये चार प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, शेवटी ऑक्सिजन सेन्सरही नवा बसवला. बारा-तेरा हजार गेले आणि आकडा ८.३ झाला. मग एका डिसेंबरात पहाटे नाशिकला निघालो होतो. भिवंडी बायपास सोडल्यावर लक्षात आलं, की काटा मध्यावरून हळूहळू खाली चाललाय. कसाऱ्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकलो तर पुन्हा मध्यावर. रस्ता मोकळा झाला की पुन्हा खाली. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला एक ब्लूटूथ स्कॅनर लावून बायकोला मोबाइलवर आकडे वाचायला सांगितले. वेगात असताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ६८ अंश. खरं तर ९० च्या आसपास हवं होतं.

परत आल्यावर भांडुपच्या मेकॅनिक मामांकडे गेलो. मामांनी दोन बोल्ट काढून थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं आणि मला वाकून बघायला लावलं. आत रबरी रिंग होती, तिच्या मधोमध नुसतं भोक. थर्मोस्टॅट नव्हताच. आधीच्या मालकाची गाडी कधीतरी तापली असणार आणि कुणीतरी "मुंबईच्या हवेत लागत नाही" म्हणून तो काढून फेकला असणार.

हा शॉर्टकट आजही सर्रास चालतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅटमध्ये मेण भरलेली कुपी असते. इंजिन तापलं की मेण फुगतं, झडप उघडते, आणि तेव्हाच कूलंट रेडिएटरकडे जातं. तो काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं. इंजिन अजून गार आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइलही नीट तापत नाही, जाडच राहतं. आणि ट्रॅफिकमध्ये किंवा गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत काटा बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे मेकॅनिकला सगळं ठीक वाटतं. ही खोट धावत्या गाडीतच पकडावी लागते. काही गाड्यांत स्कॅनरवर पी०१२८ हा बिघाडाचा कोड येतो, माझ्या गाडीत दिवाही लागला नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवा थर्मोस्टॅट आणला, दोन हजारांच्या आत. तीन टाक्यांची सरासरी ९.७ आली. तो वर लिहिलेला हिशोब त्यातल्याच एका टाकीचा.

म्हणून पहाटे रस्ता मोकळा असताना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वीस मिनिटं एकसारख्या वेगात चालवा आणि स्कॅनरवर कूलंटचा आकडा बघा. काट्यावर पूर्ण विसंबू नका, कित्येक गाड्यांत तो बऱ्याच अंशांच्या फरकातही मध्यावरच ठेवलेला असतो.

सिग्नल ते सिग्नल टर्बो वापरणं

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा दाब वाढला की जास्त हवा आत जाते आणि त्या हिशोबात पेट्रोलही. जुन्या इंजिनांत जोरात रेस दिली की झडपा आणि टर्बो फार तापू नयेत म्हणून मिश्रण मुद्दाम आणखी दाट केलं जातं. पुढचा सिग्नल दोनशे मीटरवर लाल दिसत असताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ताणायची आणि लगेच ब्रेक मारायचा, यात घेतलेला सगळा वेग ब्रेकच्या उष्णतेत जातो. नवशिक्यांना तो टर्बोचा धक्का आवडतो, ते मी समजू शकतो. पण मग अ‍ॅव्हरेजची तक्रार करू नका.

उलटी चूकही होते. "वरचा गिअर, कमी पेट्रोल" म्हणून पवईच्या चढावर बाराशे आरपीएमला चौथ्यात पाय दाबून गाडी रेटायची. इंजिन खडखडतं, ती खडखड ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, ताकद कमी होते आणि पाय आणखी दाबला जातो. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने दोन हजारच्या आसपास वरचा गिअर टाका, चढावर एक गिअर खाली घ्या.

हेही बघा

टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. तिथे ऑक्टेन ९५ लिहिलं असेल तर त्याहून कमी ऑक्टेनचं, म्हणजे लवकर खडखडणारं पेट्रोल टाकून उन्हाळ्यात गाडी जड का वाटते, हे वेगळं सांगायला नको.

टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे रबरी होज सांध्यापाशी तेलकट ओले दिसले तर तिथून दाब गळत असण्याची दाट शक्यता असते. क्लिप बदलून बघा, दोन-तीनशेचं काम आहे.

सॉकेटला लावायचे "फ्युएल सेव्हर" घेऊ नका. दिवे लुकलुकतात, बाकी काही होत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये "टर्बो थंड करायला" पाच मिनिटं इंजिन चालू ठेवू नका. शेवटचा किलोमीटर हळूच आलेला असतो, तेवढ्यात टर्बो निवतो. एक्स्प्रेसवेवर घाट जोरात चढून लगेच थांबलात तर एक मिनिट द्या.

टर्बोला मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल. "जाड २०-५० ऑइल टाका, इंजिन शांत होईल" म्हणणारा मेकॅनिक असेल तर गॅरेज बदला.

ई२० पेट्रोलमध्ये (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) त्याच लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. तेवढी घट आपल्या चुकांच्या खात्यात धरू नका.

आणि पावसाळ्यानंतर ब्रेक तपासा. पाणी साचलेल्या रस्त्यांवरून गेलेल्या गाड्यांच्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. पाच-सहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक मारून चालवा, उतरून प्रत्येक रिमजवळ तळहात न्या. तीन कोमट आणि एक भाजेल इतकं तापलेलं असेल, तर तेच चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवून बघा.