दोरी तुटली म्हणून खिडकी टाकू नका: जुनी सॅश खिडकी घरीच कशी दुरुस्त करावी

इंग्लंडात जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींची एक ठरलेली तक्रार असते. वरखाली सरकणारी सॅश खिडकी उघडत नाही, उघडली तर वर राहत नाही, आणि बंद केली तर रात्रभर वाऱ्यानं खडखडते. आमचं घर १८९० च्या सुमाराचं, लाल विटांच्या एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं. पहिल्याच हिवाळ्यात खिडक्या विकणारा एक गृहस्थ येऊन सातही खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवा म्हणून सांगून गेला. मग मी एकेक खिडकी नीट पाहिली. चार नुसत्या रंगानं चिकटल्या होत्या, दोनांच्या दोऱ्या तुटल्या होत्या, आणि खरोखर कुजलेली एकच निघाली, तीही खालच्या चार बोटांत.

या खिडक्या टिकतात त्याला कारण आहे. त्या काळचं पाइनचं लाकूड सावकाश वाढलेल्या झाडांचं, दाट वलयांचं आहे. शिवाय खिडकीचा प्रत्येक भाग सुटा काढता येतो. करणाऱ्या सुतारानं ती पुढे कधीतरी खोलावी लागणार हे धरूनच केली आहे.

आधी आतली रचना समजून घ्या

दोन झडपा असतात आणि त्या वरखाली सरकतात. वरची झडप बाहेरच्या खोबणीत, खालची आतल्या. प्रत्येक झडपेच्या दोन्ही बाजूंना दोरी असते. ती चौकटीत वर बसवलेल्या कप्पीवरून मागच्या पोकळ पेटीत उतरते आणि तिच्या टोकाला ओतीव लोखंडाचं लांबट वजन लोंबतं. विहिरीवरची कप्पी ज्यानं पाहिली आहे त्याला आणखी सांगायला नको. एका खिडकीला चार दोऱ्या, चार कप्प्या, चार वजनं.

यातली मेख वजनांत आहे. वरच्या झडपेची दोन वजनं मिळून झडपेपेक्षा साधारण अर्धा किलो जड ठेवतात, म्हणजे ती वर घट्ट बसते. खालच्या झडपेची तितकीच हलकी, म्हणजे ती खाली बसते. कुणी मध्येच जाड काच बसवली असेल तर हा तोल बिघडतो आणि झडप आपोआप घसरते. तेव्हा दोष दोरीचा नसतो.

खिडकी कोणत्या काळातली हे ओळखायचं असेल तर वरच्या झडपेचे खालचे कोपरे बघा. तिथे लाकडाची शिंगं खाली आलेली असतील तर खिडकी बहुधा व्हिक्टोरियन काळातली, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतली (१८३७ ते १९०१). १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, मोठ्या काचा परवडू लागल्या, लहान काचा जोडणाऱ्या मधल्या बारीक पट्ट्या गेल्या. मग जड काच पेलायला कोपऱ्याचा सांधा मजबूत हवा म्हणून ही शिंगं आली. त्याआधीच्या लंडनमध्ये खिडकी कुठे बसवायची याचेही कायदे होते. १७०९ च्या कायद्यानं आगीच्या भीतीपोटी चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घ्यायला लावली, १७७४ च्या कायद्यानं वजनांची पेटी विटांच्या मागे लपवली.

हात लावण्याआधी दोन गोष्टी

फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर (लीजवर) घेतलेला असेल तर खिडकी तुमची की मालकाची हे लीजमध्ये वाचा. घर लिस्टेड, म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत असेल तर खिडकी बदलायला परवानगी लागते. आहे तशीच दुरुस्त करायला सहसा लागत नाही, तरी स्थानिक काउन्सिलला विचारून घेतलेलं बरं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: शिसं. १९६० च्या दशकापर्यंत घरगुती रंगांत शिसं सर्रास असे. त्यामुळे जुन्या खिडकीच्या खालच्या थरांत ते आहे असंच धरून चाला. तपासायचे किट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. असा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरनं घासा, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि भुगा ओल्या फडक्यानं पुसून घ्या. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. हीट गन मी वापरत नाही. फार तापली तर शिशाची वाफ होते आणि काच तडकते ती वेगळीच.

चिकटलेली खिडकी सोडवणं

बहुतेकांचं काम इथेच संपतं. झडप आणि तिला जागेवर धरणारी चौकटीची पट्टी यांच्यामधल्या फटीतून धारदार सुरी फिरवून रंगाचा थर कापा, आतूनही आणि बाहेरूनही. दोन झडपा मध्ये जिथे एकमेकींना भेटतात ती आडवी फट विसरू नका. मग पातळ पत्र्याची खरवडणी घालून हळूहळू सैल करा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलात तर लाकडाची कड निघून हातात येईल. झडपेच्या उभ्या बाजूंवर तळहातानं आळीपाळीनं ठोका. काचेवर नाही.

वरची झडपही सोडवा. ती सरकते हेच अनेक घरांत कुणाला ठाऊक नसतं. खरं तर वरून थोडी आणि खालून थोडी अशी उघडली की गरम हवा वरून जाते, थंड हवा खालून येते. आमच्या स्वयंपाकघरात फोडणी घातली की स्मोक अलार्म ओरडायचा, तो वरची झडप सुटल्या दिवसापासून गप्प आहे.

दोरी बदलणं

याला पूर्ण दिवस आणि सोबत एक माणूस हवा. काचेसकट झडप जड असते, एकट्यानं उचलायची नाही. एक दोरी तुटली असली तरी चारही बदला. बाकीच्या तिच्याच वयाच्या आहेत. दुकानात सॅश कॉर्ड म्हणून मागा. नेहमीच्या खिडकीला ६ मिलिमीटरची मेण लावलेली सुती दोरी चालते, फार जड झडपेला त्याहून जाड. सुती दोरी ताणली जाते म्हणून आदल्या रात्री तिला वजन बांधून लोंबत ठेवा.

आधी आतली पट्टी काढायची, तिला स्टाफ बीड म्हणतात. रंगाची रेघ सुरीनं कापा आणि पटाशी पट्टीच्या मध्यावर घाला, टोकाला नाही. मध्यावरून ती धनुष्यासारखी वाकून बाहेर येते, टोकाकडून मोडते. मागे पेन्सिलीनं डावी-उजवी लिहून ठेवा. आता खालची झडप थोडी उचलून एका बाजूनं खोलीत ओढून घ्या. दोरी शाबूत असेल तर ती हातात घट्ट धरूनच कापा आणि वजन हळूहळू खाली सोडा. मी पहिल्यांदा नुसतीच कापली. पेटीत लोखंड असं आदळलं की शेजारच्या आजी दार उघडून बाहेर आल्या.

दोन्ही झडपांच्या मधली उभी पट्टी म्हणजे पार्टिंग बीड. ती खाचेत नुसती दाबून बसवलेली असते, पण इतक्या वर्षांच्या रंगानंतर काढताना हमखास मोडते. मोडू द्या. स्वस्त असते, जुनीचं माप घेऊन नवी आणा. ती निघाली की वरची झडपही तशीच बाहेर येते.

चौकटीच्या उभ्या बाजूला, खालच्या भागात, एक झाकण असतं. पॉकेट. रंगानं ते इतकं बुजलेलं असतं की दिसतच नाही. बोटानं चाचपत गेलात की बारीक रेघ लागते. कधी स्क्रू असतो, कधी नुसतं अडकवलेलं. आत हात घालून वजनं काढा आणि कोणतं कुठलं ते खडूनं त्यांच्यावरच लिहा, कारण वरची आणि खालची वजनं वेगळी असतात. पेटीतला कचराही काढा. आमच्याकडे मेलेल्या गांधीलमाश्या आणि मूठभर गिलावा निघाला. दोन वजनांच्या मध्ये लाकडाची एक पातळ पट्टी लोंबते, वजनं एकमेकांत अडकू नयेत म्हणून. इंग्रज सुतार तिला वॅगटेल म्हणतात, म्हणजे आपला शेपूट हलवणारा धोबी पक्षी. ती काढू नका.

या सुतारांचा दुसरा प्राणी उंदीर. बारीक सुतळीच्या टोकाला बांधलेला शिशाचा लहानसा तुकडा म्हणजे माउस. मी सायकलच्या जुन्या चेनचे तीन दुवे वापरतो, ते कप्पीवरून छान वळतात. उंदीर कप्पीवरून आत सोडा, तो खाली पॉकेटपाशी आला की धरा. सुतळीच्या दुसऱ्या टोकाला नवी दोरी बांधून आत ओढून घ्या, तिच्या टोकाला वजन घट्ट गाठीनं अडकवा आणि वजन पुन्हा पेटीत ठेवा.

आता लांबी. चूक होते ती इथेच. खालची झडप पूर्ण खाली असते तेव्हा तिचं वजन सगळ्यात वर असतं. ते कप्पीच्या खाली साधारण ५ सेंटीमीटरवर थांबलं पाहिजे. वरची झडप पूर्ण वर असते तेव्हा तिचं वजन तळाशी असतं. ते तळापासून तेवढंच उचललेलं हवं. वरच्या झडपेची दोरी लांब ठेवलीत तर वजन आधीच तळाला टेकतं आणि वर फट राहते. खालच्या झडपेची मी आखूड कापली होती. वजन कप्पीला जाऊन अडकलं आणि झडप दोन बोटं वरच थांबली. सगळं पुन्हा खोलावं लागलं.

झडपेच्या कडेला दोरीसाठी खाच असते, तिच्यात चपट्या डोक्याच्या तीन आखूड खिळ्यांनी दोरी ठोका. लांब खिळा थेट काचेला भिडतो. सगळ्यात वरचा खिळाही इतका खाली हवा की झडप पूर्ण वर गेली तरी खिळे ठोकलेला भाग कप्पीवर चढणार नाही. म्हणून कप्पीच्या मध्यापासून चौकटीच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा, ते झडपेच्या वरच्या कडेपासून खाली आखा आणि त्या खुणेच्या खालीच ठोका. बसवताना क्रम उलटा: वरची झडप, पार्टिंग बीड, खालची झडप, स्टाफ बीड. शेवटची पट्टी पक्की करण्याआधी दहा वेळा वरखाली करून बघा.

कुजलेलं लाकूड

जाड सुई किंवा टोच्या घेऊन सिल (चौकटीचा खालचा उतरता उंबरठा) आणि झडपेचे खालचे कोपरे टोचत जा. टोक लोण्यात शिरल्यासारखं गेलं की कूज आहे. ती भरण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. सिलच्या खालच्या अंगाला एक आडवी खाच असते, पावसाचं पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच ठिबकावं म्हणून. ती रंगानं भरलेली सापडते. आधी ती मोकळी करा.

मऊ लाकूड सगळं काढा आणि उरलेलं पूर्ण वाळू द्या. छोटा खड्डा असेल तर वुड हार्डनर (लाकूड टणक करणारं द्रावण) पाजून दोन भाग कालवून करायच्या इपॉक्सी फिलरनं भरा. मोठा असेल तर टणक लाकूड लागेपर्यंत कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधा. भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी किंवा सिलिकॉन भरू नका, त्यामागे पाणी कोंडतं. झडपेचे सांधेच खिळखिळे झाले असतील तर मात्र सुतार बोलवा.

काच आणि पुट्टी

जुनी, किंचित लाटा असलेली काच जपा; तशी आता सहज मिळत नाही. सुटलेली पुट्टी तेवढी काढा, घट्ट असेल तिथे हात लावू नका. नवी पुट्टी जवसाच्या तेलाची घ्या. जवस तेच, ज्याची आपण चटणी करतो. त्याच्या तेलात खडूची पूड मळली की पुट्टी होते. आधी उघड्या लाकडाला प्रायमर मारा, नाहीतर कोरडं लाकूड तेल पिऊन टाकतं आणि पुट्टीला भेगा पडतात. हातात मळून मऊ करा, अंगठ्यानं दाबत बसवा, सुरीनं एका ओढीत उतार द्या. वर साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रंग त्यानंतर, आणि तो काचेवर २ मिलिमीटर चढलेला हवा, म्हणजे पाणी मागे शिरत नाही.

वारा आणि रंग

वारं सुटलेल्या दिवशी पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेनं फिरवा. धूर जिथे मोडतो तिथे फट. पार्टिंग बीड नवी घेणारच असाल तर ब्रशची पट्टी बसवलेली घ्या, निम्मा वारा आणि खडखड तिथेच थांबते. दोन झडपा भेटतात तिथली कडी नीट बसवली तर ती दोन्ही झडपा एकमेकींकडे ओढून धरते.

रंग पातळ द्या. दोरीला आणि कप्पीला अजिबात नको. रंगलेली दोरी कडक होऊन लवकर तुटते. कप्पीच्या आसाला तेलाचा थेंब, खोबणीला मेणबत्ती घासा. रंग ओला असताना झडपा थोड्या उघड्या ठेवा आणि सुकेपर्यंत मधूनमधून सरकवत राहा, नाहीतर सकाळी पुन्हा सुरी घेऊन बसावं लागतं.