बीए सेटच्या (आगीत शिरताना अग्निशमन जवान पाठीवर घेतात त्या श्वसनसंचाच्या) मास्कची काच आतून वाफाळू नये म्हणून : पावसाळ्याआधीची तयारी

जुलैतल्या मुंबईत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. आपला उच्छ्वास त्याहूनही ओला: सुमारे ३४ अंशांचा, घनमीटरमागे ३५ ग्रॅमच्या पुढे. उलट ३०० बार दाबाच्या सिलिंडरमधल्या हवेत ईएन १२०२१ या युरोपीय मानकाप्रमाणे घनमीटरमागे फार तर ३५ मिलिग्रॅम पाणी चालतं. हा हजारपटीचा फरक हाच आपला खरा आधार. मास्कची रचनाही त्यावरच बेतलेली आहे. कोरडी हवा आधी काचेवरून फिरते, मग नोज कपच्या (मास्कच्या आत नाकतोंड झाकणाऱ्या छोट्या वाटीच्या) रबरी पडद्यांमधून नाकातोंडापाशी येते, आणि उच्छ्वास नोज कपमधूनच झडपेवाटे थेट बाहेर पडतो. काच वाफाळली की या वाटेत कुठे चुकलं ते आधी शोधा. अँटीफॉगची बाटली त्यानंतर.

पहिली नजर नोज कपवर. तो मास्कच्या खाचेत सगळीकडून नीट बसलाय का, हे कडेने बोट फिरवून पाहा. धुतल्यावर परत लावताना एक कोपरा उलटा राहणं ही नेहमीची चूक आहे, आणि वरवर पाहून ती दिसत नाही. नोज कप लहान, मध्यम आणि मोठा अशा मापांत मिळतो. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला म्हणून नोज कपही बसला असं धरू नका. नाकाच्या दांडीपाशी फट राहिली तर प्रत्येक उच्छ्वास तिथून वर चढतो आणि काच मधोमध, डोळ्यांसमोरच पांढरी होते. प्रत्येक जवानाचं माप एकदा ठरवून नोंदवहीत लिहून ठेवावं. पाळी बदलताना एकच मास्क दोघांनी वापरायचा असेल, तर ही नोंद फार उपयोगी पडते.

मग नोज कपच्या पडद्या. बहुतेक मास्कमध्ये दोन असतात, डावी-उजवी. नाण्याएवढी पातळ रबरी चकती, आणि ती नोज कपच्या आतल्या, म्हणजे तोंडाकडच्या बाजूलाच हवी. बाहेरून बसवली की झडप उलटी चालते आणि श्वासाची सगळी वाफ काचेवर जाते. चकती वाकलेली, चिकट किंवा कडेला चिरलेली असेल तर बदला. साबणाचा कण किंवा केस अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. काच एकाच बाजूने वाफाळत असेल तर बहुधा त्याच बाजूची पडदी दोषी असते. उच्छ्वास झडप चिकटली असेल तर श्वास सोडताना जोर लागतो, तेव्हा तीही त्याच वेळी पाहून घ्या. पडद्यांचा एक जादा जोड स्टेशनवर असावाच, आणि तो त्याच मॉडेलचा हवा.

सिलिंडरची हवा कोरडी राहणं ते भरणाऱ्या कंप्रेसरवर अवलंबून आहे. हाताने पाणी काढायच्या कंप्रेसरचे ड्रेन (साठलेलं पाणी सोडायच्या झडपा) साधारण दर १५ मिनिटांनी उघडतात. पावसाळ्यात त्याहून लवकर उघडा. हवा सुकवणाऱ्या फिल्टर कार्ट्रिजचे तास उत्पादकाने तापमानाप्रमाणे कमी करून दिलेले असतात, त्या तक्त्यानेच मोजा. थंड हवामानात पुरणारं कार्ट्रिज इथे तितकं पुरत नाही. सिलिंडर पूर्ण रिकामं करून झडप उघडी ठेवू नका, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरते.

काच धुण्यासाठी कोमट पाणी आणि उत्पादकाने सांगितलेला सौम्य साबण घ्या, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाण्याने खळबळा. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, खिडकीच्या काचांचा अमोनियावाला स्प्रे, यांतलं काही लावू नका. काच पॉलिकार्बोनेटची असते आणि अशा द्रवांनी तिला बारीक तडे जातात. टूथपेस्ट घासण्याची सवय पोहणाऱ्यांकडून आली असावी. तिच्यातल्या कणांनी आतला लेप खरवडला जातो आणि मग काच आधीपेक्षा लवकर वाफाळते. व्हॅसलिनने रबर फुगतं. सुकवायचं ते सावलीत, हवेशीर जागी. पावसात दोन-दोन दिवस ओल जात नसेल तर सुकवणी कपाट वापरा, पण उत्पादकाने दिलेली तापमानमर्यादा ओलांडू नका. ओला मास्क पिशवीत कोंबला तर पुढच्या आगीच्या वर्दीला काच पहिल्या श्वासातच झाकोळते.

अँटीफॉग जेल त्या मास्कसाठी मान्य असलेलंच घ्या. ते वाफ अडवत नाही; पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे थेंब न बनता पाण्याचा सपाट पातळ थर होतो आणि आरपार दिसत राहतं. कोरड्या, स्वच्छ काचेवर अगदी थोडं जेल मऊ कापडाने पसरा. जास्त लावलं तर घामाबरोबर डोळ्यात उतरतं, आणि धुरात डोळे चुरचुरायला लागले की मास्क काढावासा वाटतो. हा धोका वाफेपेक्षा मोठा आहे.

मास्क कुठे ठेवता, यालाही मुंबईत महत्त्व आहे. वर दिलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, सुमारे २७ अंश येतो. एसी केबिनमध्ये २२-२४ अंशांवर राहिलेला मास्क बाहेर काढला की काच दोन्ही बाजूंनी ओली होणारच. म्हणून मास्क एसीत नको; बंबाच्या बंद पण साध्या कप्प्यात, काचेवर ओरखडा न येईल असा ठेवा.

चेहऱ्याचं लवकर आटपतं. दाढी साफ, हूडची कड किंवा केस सीलखाली नाहीत, पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढलेले. चष्मा असेल तर मास्कच्या आत बसणारी फ्रेम वापरा, कारण काड्या सीलखालून गेल्या की गळती ठरलेली. आतल्या चष्म्याच्या काचांनाही जेल लागेल, हे लक्षात असू द्या.

सगळ्यात जास्त वाफ डिमांड व्हॉल्व्ह (सिलिंडरची हवा मास्कमध्ये सोडणारी झडप) जोडण्याआधी धरते. मास्क चढवून बाहेरच्या हवेत उभं राहिलं की त्या हवेतही पाणी, उच्छ्वासातही पाणी, आणि काचेवरून कोरडा झोत नाही. उंच इमारतीत जिने चढून धाप लागल्यावर तर अर्ध्या मिनिटातही काच जाते. म्हणून स्वच्छ हवेत असेपर्यंत मास्क गळ्यात ठेवा. प्रवेशाच्या जागी तो चढवून लगेच व्हॉल्व्ह जोडा, सील तपासा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि काच साफ राहतेय हे पाहूनच आत पाऊल टाका.

आत गेल्यावर वाफ धरलीच तर बायपास (सिलिंडरची हवा सलग सोडणारी कळ) क्षणभर उघडून कोरडा झोत द्या आणि लगेच बंद करा. त्यात हवा झपाट्याने संपते, तेव्हा गेज पाहा. काच बाहेरून ओली वा काजळलेली असेल तर हातमोज्याने पुसा. पण पुसूनही न जाणारे बुडबुडे, दुधी चट्टे किंवा बारीक जाळी दिसली तर ती वाफ नव्हे, उष्णतेने काच बिघडतेय. तडक मागे फिरा, सोबत्याला घेऊन. कितीही झालं तरी मास्क उचलून काच पुसायची नाही.

परतल्यावर नोंदवहीत फक्त ‘काच वाफाळली’ एवढं लिहून भागत नाही. मधोमध, एका बाजूला की सगळीकडे, व्हॉल्व्ह जोडण्याआधी की नंतर, नोज कपचं माप कोणतं, सिलिंडर कोणत्या दिवशी भरलेलं, हे लिहा. मध्यभाग असेल तर पुढच्या पाळीने नोज कपपासून बघावं, एक बाजू असेल तर पडदीपासून, आणि एकाच दिवशी भरलेल्या सिलिंडरांवर तीन-चार मास्क वाफाळले असतील तर कंप्रेसरच्या कार्ट्रिजपासून.