सोनटक्का लावताय? आधी ऊन बघा

आंब्या-फणसाखाली दुसरं काही येत नाही म्हणून लोक तिथे सोनटक्का लावतात आणि मग वर्षानुवर्षं नुसती पानं बघत बसतात. त्याला सावली मानवते हे खरं, पण दाट सावलीत फुलं अगदीच थोडी येतात. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळेल आणि दुपारी सावली पडेल अशी जागा शोधा. घराची पूर्वेची बाजू, विहिरीची कड किंवा नारळी-पोफळीच्या बागेतली पाटाकाठची मोकळी पट्टी उत्तम. भर उन्हात पानांच्या कडा करपतात, म्हणून विदर्भ-खानदेशात दुपारचा आडोसा हवाच.

मृगाच्या तोंडावर जुना गड्डा खणून बेणं तोडा. तुकडा बोटभर लांब आणि त्यावर निदान दोन टपोरे डोळे हवेत. मऊ पडलेला, आतून तपकिरी झालेला भाग टाकून द्या. घमेलंभर कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. बेणं आडवं, डोळे वर ठेवून दोन-तीन बोटं खोल लावा आणि दोन बेण्यांत दीड-दोन फूट अंतर ठेवा. वर पालापाचोळा पसरा, कारण याला ओल तुटलेली चालत नाही. न्हाणीचं पाणी सोडलं तरी हरकत नाही. कपड्यांच्या पावडरीचं मात्र रोज नको.

आले-हळदीवरची खोड पोखरणारी अळी इथेही येते. मधला पोंगा पिवळा पडून वाळला आणि दांड्याला भोक पडून भुसा बाहेर आलेला दिसला, की तो दांडा बुडापासून कापून जाळून टाका. घरच्या चार झाडांना फवारणीची गरज नसते.

फुलं साधारण श्रावणापासून दिवाळीपर्यंत येतात. ती संध्याकाळी उमलतात, म्हणून वेणी-गजऱ्यासाठी दुपार कलल्यावर फुगलेल्या कळ्या खुडा आणि ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी मलूल होतं, बाजारात नेण्यात अर्थ नाही.

एकदा फुललेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो पिवळा पडला की जमिनीलगत कापा. हिरवा असताना नको, तोवर तो कंद पोसत असतो. तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला की वेगळा करा. उरलेलं बेणं ओढ्यात किंवा पऱ्ह्यात फेकू नका. हा मूळचा पूर्व हिमालयाच्या बाजूचा. हवाई आणि दक्षिण आफ्रिकेत ओहोळाकाठी इतका माजला, की तिथे त्याची गणना उपद्रवी तणात होते. शेजारीपाजारी वाटा, किंवा वाळवून जाळा.