मार्क उत्तम, उपक्रम कमी: कॉलेजांची यादी कशी करावी

माझी भाची इथे न्यू जर्सीत बारावीला आहे. गणित आणि भौतिकशास्त्रात पक्की, पण ना क्लब, ना टीम. तिची यादी करताना मी आधी प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ उघडला, म्हणजे अमेरिकेतली कॉलेजं प्रवेशाची माहिती ठरावीक नमुन्यात देतात तो दस्तऐवज. त्यातला सी-७ तक्ता बघाच. मार्क, निबंध, उपक्रम यांना कॉलेज किती महत्त्व देतं, ते तिथे खुणा करून दिलेलं असतं. उपक्रमांपुढे ‘अत्यंत महत्त्वाचे’ असेल, तर तसं कॉलेज यादीत एखादंच ठेवा. ‘विचारात घेतो’ किंवा ‘घेत नाही’ असेल, तिथे अशा मुलांना खरी संधी आहे.

ब्रिटनही सोडू नका. यूकास, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश-अर्जाची व्यवस्था; तिच्या एका अर्जात ५ पर्याय देता येतात, आणि ऑक्सफर्डसुद्धा विषयातली तयारीच तपासतं.

आणि ‘ती काहीच करत नाही’ हे मला अजिबात पटत नाही! ही पोर शाळेतून आली की आजीची औषधं बघते, धाकट्या भावाचा अभ्यास घेते. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, उपक्रमांच्या १० जागा असतात, आणि घरची जबाबदारी हा तिथे स्वतंत्र प्रकारच आहे. तास आणि आठवडे खरेखुरे लिहा. अर्जापुरता नवा क्लब काढायला मात्र लावू नका.