पाटे बसले नाहीत म्हणून गाडी अंडरलोड होत नाही

बारा टायरचा ट्रक. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) मालासकट एकूण वजन ३५,००० किलो, रिकामी गाडी ११,०००. म्हणजे माल बसतो २४ टन, पन्नास किलोची साखर असेल तर ४८० पोती. गोदामातला मुनीम म्हणतो, "साठ टाका अजून, गाडी ओढतीय की." ड्रायव्हर मालकाला फोन लावतो. मालक एवढंच विचारतो, "पाटे बसले का?" "नाही शेठ." "मग निघ." पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या; भारानं दबून सपाट झाल्या की पाटे बसले म्हणायचं.

वजनकाट्यावर ३८,००० दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातला ओव्हरलोडच्या दंडाचा हिशोब असा: आधी सरसकट २०,००० आणि वरच्या दर टनाला २,०००. झाले २६,०००. टनाला १,२०० भाडं धरलं, तर त्या साठ पोत्यांची कमाई ३,६००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. भर रस्त्यात हमाल शोधा, दुसरी गाडी बोलवा, सगळं आपल्याच खिशातून. दुरुस्तीआधी हाच हिशोब २,००० अधिक टनाला १,००० असा होता, आणि गाडीअड्ड्यावरचं गणित अजून त्याच जमान्यातलं आहे. मी आठ-दहा गाडीमालकांची कागदपत्रं सांभाळतो. त्यांच्याकडून त्याच त्या चुका होताना दिसतात.

"सरकारनं लोड वाढवून दिलाय"

दिलाय, जुलै २०१८ मध्ये. चार टायरच्या एका एक्सलला (चाकांच्या आसाला) १०.२ टनांचे ११.५ झाले, जोड एक्सलला १९ चे २१, आणि बारा टायरच्या गाडीला ३१ चे ३५. पण काट्यावरचा अधिकारी ही अधिसूचना वाचत बसत नाही, तो आरसी बघतो. तुमच्या आरसीवर ३१,००० असेल तर तुमची मर्यादा ३१,०००. शेजाऱ्याची तशीच दिसणारी गाडी ३५ वर चालते, हे उत्तर तिथं चालत नाही.

दुसरी गोम म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. कागदावरचा आकडा धरून माल भरतात, पण तीनशे लिटर डिझेल म्हणजेच जवळपास अडीचशे किलो. त्यात स्टेपनी, दोर, पावसात भिजलेली ताडपत्री, आणि पाचशे पोत्यांच्या नुसत्या तागाचंही वजन असतंच. एकदा टाकी फुल करून, सगळ्या सामानासकट रिकामी गाडी काट्यावर घाला आणि ती पावती केबिनमध्ये ठेवा. आरसीतल्या आकड्यातून ती वजा करा. उरेल तेवढाच माल. आणि तो नुसता मागे रचू नका. एकूण वजन बसलं तरी एकाच एक्सलवर जादा भार आला तर तोही ओव्हरलोडच.

काटा चुकवणं

हे तर सगळ्यात महाग. थांबायला किंवा वजन करायला नकार दिला, किंवा काट्याआधी माल उतरवून टाकला, तर दंड ४०,०००. मात्र अधिकाऱ्यालाही हद्द आहे. काटा तुमच्या पुढच्या रस्त्यापासून १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. त्याहून लांब नेत असतील तर कलम ११४ चं नाव घ्या, आवाज न चढवता.

सळ्या, पाइप, कडबा बॉडीच्या बाहेर आला तर वजन कमी असूनही २०,०००. मागे लाल फडकं बांधलं म्हणजे झालं, हा निव्वळ समज आहे.

"ड्रायव्हरनं भरला, मला काय माहीत" हेही चालत नाही. गाडी मालकानं सांगितल्यावरूनच गेली, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून बहुतेक राज्यांत अवजड वाहनांचा एकच कायदा आहे. त्यात माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक ठरवणारा असे सगळे जबाबदारीच्या साखळीत येतात. आपल्याकडे तो साठ पोत्यांवाला मुनीम सहसा मोकळाच सुटतो, आणि माझ्या मते सुधारणा तिथंच अर्धवट राहिली आहे. तोवर बिल्टीवर (मालासोबतच्या पावतीवर) खरं वजन लिहून घ्या.

पासिंग

पासिंग म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, मग दरवर्षी. एका दिवसापुरते उसने टायर लावून पासिंग करणारे मी पाहिलेत. पण स्वयंचलित तपासणी केंद्रावर ब्रेक रोलरवर तपासतात, प्रत्येक चाकाचा वेगळा. डावं-उजवं जुळलं नाही की गाडी नापास. जाण्याआधी इंजिन बंद करून ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहा. तो घसरत असेल तर कुठंतरी हवा गळतेय. रिफ्लेक्टर पट्ट्या आहेत पण चिखलाखाली, हाही नेहमीचाच प्रकार.

उतारावर इंजिन बंद

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकनं पन्नासेक गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात सांगितलं गेलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा कमी होते. आणि न्यूट्रल टाकलं की गाडीला इंजिनचा अटकावही राहत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्यातच उतरा. ड्रायव्हरला डिझेल बचतीचं बक्षीस लावणाऱ्या मालकांनी हे दोनदा वाचावं.

एसी केबिनची सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या नव्या गाड्यांना आहे. जुन्या गाडीला एसी बसवून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

अपघात झाल्यावर

अपघातात माणूस दगावल्यावर न कळवता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा देणारं भारतीय न्याय संहितेतलं पोटकलम जानेवारी २०२४ च्या संपानंतर थांबवलं गेलं. १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हाही ते वगळलं होतं. त्यावरून पळालं तरी चालतं, असा अर्थ काही ड्रायव्हरांनी काढलाय. तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आहेच: थांबायचं, जखमीला दवाखान्यात पोचवायचं. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघण्याची मुभा त्याच कलमात आहे, पण जवळचं पोलीस ठाणं लवकरात लवकर गाठायचं, उशिरात उशिरा २४ तासांत. ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये मालकाचा, विम्याचा आणि ११२ असे तीन नंबर आजच भरून द्या.