पदवीच्या वर्षांत पहिले क्रेडिट कार्ड: मुदत ठेवीवर कार्ड घेऊन स्वतःची पत कशी उभी करावी

खानदेशातल्या शेतकरी घरांना उधारीचा व्यवहार नवा नाही. कृषी केंद्रातून खते-बियाणे उधारीवर येतात आणि कापूस विकला गेला किंवा केळीच्या बागेचे पैसे हाती आले, की हिशोब चुकता होतो. मात्र वर्षानुवर्षांची ही प्रामाणिक परतफेड कोणत्याही क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत जात नाही. वडिलांनी विकास सोसायटीचे पीककर्ज वेळेवर फेडले असले, तरी त्याचा लाभ वडिलांच्या नावाला मिळतो, मुलाच्या किंवा मुलीच्या नव्हे. म्हणूनच जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेऊन पुण्यात नोकरीला लागलेली मुलगी जेव्हा दुचाकीसाठी कर्ज मागते, तेव्हा तिच्याविषयी बँकेला काहीच दिसत नाही, आणि पहिल्याच कर्जाला अडचण येते. ही नोंद शिकत असतानाच, फारसा खर्च न करता सुरू करता येते.

आधी स्वतःचा क्रेडिट अहवाल पाहावा

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क असे चार क्रेडिट ब्युरो कर्जांच्या नोंदी ठेवतात. या नोंदींवरून काढलेला स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि ७५० च्या पुढचा स्कोअर सामान्यतः चांगला मानला जातो. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळवण्याचा हक्क आपल्याला आहे. तो संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

आपण कधी कर्ज घेतलेच नाही, मग अहवालात काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु शैक्षणिक कर्ज असेल, तर ते विद्यार्थ्याच्या आणि सहकर्जदार असलेल्या पालकांच्या अशा दोन्ही अहवालांत दिसते. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमधून ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ या सोयीने केलेली खरेदीही पुष्कळदा कर्ज म्हणूनच नोंदवलेली असते.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे गावोगावी आहेत; चौधरी हे आडनाव इंग्रजीत तर आधारवर एका प्रकारे आणि पॅनवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले आढळते, शिवाय गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. अर्ज करण्यापूर्वी आधार, पॅन आणि बँक खाते यांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी करून घ्यावी. दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात आले असेल, तर ब्युरोकडे तक्रार नोंदवावी. तिचे निराकरण ३० दिवसांत झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कार्ड मुदत ठेवीवर घ्यावे

नेहमीच्या कार्डासाठी बँक पगाराची पावती किंवा आयकर विवरणपत्र मागते, आणि विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नसते. अशा वेळी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हाच माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावावर ठेव करावी. अनेक बँका त्या ठेवीच्या ७५ ते १०० टक्क्यांपर्यंत कार्डावरील खर्चाची मर्यादा देतात. ठेवीवरचे व्याज चालूच राहते, मात्र कार्ड सुरू असेपर्यंत ती मोडता येत नाही, आणि बिल थकल्यास बँक त्यातून वसुली करू शकते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्या भागात घरची बचत पुष्कळदा पतसंस्थेत असते. पतसंस्थेतील ठेवीवर बँकेचे कार्ड मिळत नाही. जी बँक कार्ड देणार, तिच्याकडेच ठेव असावी लागते. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवीला नसते.

वडिलांच्या किंवा भावाच्या कार्डावर मिळणारे जोडकार्ड घेऊन हे काम होत नाही, कारण त्यावरील व्यवहार मूळ कार्डधारकाच्या नावे नोंदले जातात.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

वार्षिक शुल्क किती, मासिक व्याजदर किती, उशिराचा दंड किती आणि कार्डाची माहिती ब्युरोकडे पाठवली जाते का, हे शाखेत विचारून त्याचा कागद मागून घ्यावा. पहिले कार्ड बिनशुल्क असावे. महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी टेबल मांडून बसलेल्या प्रतिनिधीने भेटवस्तू देऊ केली, म्हणून अर्जावर सही करू नये. न मागता कार्ड पाठवण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. एका वेळी चार बँकांकडे अर्ज करणेही टाळावे, कारण प्रत्येक अर्जावर बँक ब्युरोकडे चौकशी करते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते.

कार्ड कोणत्या पत्त्यावर येणार, हेही आधीच ठरवावे. आधारवर शहाद्याजवळच्या गावाचा पत्ता आणि राहणे धुळ्याच्या वसतिगृहात, अशा स्थितीत कार्ड परत जाण्याची शक्यता असते.

एकच ठरलेला खर्च कार्डावर टाकावा

समजा, १०,००० रुपयांच्या ठेवीवर ८,००० रुपयांची मर्यादा मिळाली. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे २,४०० रुपयांपर्यंत ठेवणे श्रेयस्कर. मोबाइलचे रिचार्ज, भुसावळ-जळगाव रेल्वेचा मासिक पास किंवा दुचाकीचे पेट्रोल असा जो खर्च नाहीतरी होणारच आहे, तेवढाच कार्डावर करावा. कार्ड ‘रूपे’ (RuPay) प्रकारचे असेल, तर ते यूपीआयला जोडून दुकानातील क्यूआर कोडवर चालते. परंतु ही सोय सवयीने जास्त खर्च करायला लावते, म्हणून पहिले काही महिने जोडू नये.

बिल दरमहा ५ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख २५ आहे, असे धरू. ६ तारखेला केलेल्या खरेदीला जवळपास ५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते, तर ४ तारखेच्या खरेदीला केवळ तीन आठवडे. ही मुदत मागचे बिल पूर्ण भरलेले असेल तरच लागू होते.

‘किमान देय रक्कम’ भरून थांबू नये

सर्वाधिक नुकसान येथे होते, म्हणून हिशोब नीट पाहावा. बिल ६,००० रुपयांचे आहे आणि किमान देय रक्कम ५ टक्के, म्हणजे ३०० रुपये. तेवढेच भरले, तर दंड लागत नाही आणि सारे ठीक झाल्यासारखे वाटते. परंतु उरलेल्या ५,७०० रुपयांवर दरमहा ३.५ टक्के दराने सुमारे २०० रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून महिन्याला २३५ रुपयांच्या आसपास जातात. पुढच्या महिन्यात पुन्हा ३०० रुपये भरले, तर मूळ रकमेतून जेमतेम ६५ रुपये कमी होतात. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते, त्यामुळे आकडा याहून मोठाच येतो.

यासाठी बँकेत ऑटो-पे सुरू करताना ‘संपूर्ण रक्कम’ हा पर्याय निवडल्याची खात्री करावी. घरून येणारा पैसा पिकाच्या विक्रीवर अवलंबून असतो आणि तारखेला येईलच असे नसते. म्हणून कार्डावर २०० रुपयांचे पेट्रोल भरले, की त्याच दिवशी खात्यातील २०० रुपये बाजूला काढून ठेवावेत. तारीख अनवधानाने चुकलीच, तर लगेच भरावे, कारण तीन दिवसांहून अधिक थकल्यावरच बँक दंड लावू शकते आणि थकबाकीची नोंद ब्युरोकडे पाठवू शकते. एटीएममधून कार्डावर रोख मात्र कधीही काढू नये. तिच्यावर शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास बँकेला तत्काळ कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नोकरी लागल्यावर

साधारण सहा महिन्यांनी स्कोअर दिसू लागतो. मर्यादा वाढवण्याचे निरोप येतील. ते स्वीकारण्याची घाई नसावी. जळगाव किंवा नंदुरबार सोडून दुसऱ्या शहरात जाताना मोबाइल क्रमांक आणि पत्ता बँकेत बदलून घ्यावा, नाहीतर बिलाची सूचना बंद पडलेल्या क्रमांकावर जात राहते. जुने कार्ड बिनशुल्क असेल, तर ते चालू ठेवावे, कारण जुन्या खात्याचे वय स्कोअरला उपयोगी पडते. ठेव मोकळी करायची असेल, तर सर्व रक्कम भरून कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचे असते आणि विलंब झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे आणि दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा काढून त्यात खाते बंद दाखवले आहे का, हे तपासावे.