शेवटची कोणती विंडो उघडली होती? वापराच्या क्रमाने यादी अशी काढा

नागपुरात महालात माझ्या मामेभावाचं डीटीपीचं दुकान आहे. मे महिना म्हणजे लग्नपत्रिकांचा हंगाम. कोरलड्रॉच्या चार-पाच फाइली, वर्ड, ब्राउझर, सगळं एकदम उघडं असतं, आणि भर दुपारी लाइन जाते. परत आल्यावर नेमक्या कोणत्या पत्रिकेत दुरुस्ती चालू होती, ते आठवत नाही. एकदा त्यापायी जुनंच प्रूफ छापलं गेलं. म्हणून कोणती विंडो कधी वापरली ते क्रमाने नोंदवणारा हा छोटा प्रोग्राम त्याच्यासाठी पायथॉनमध्ये लिहिला. विंडोजवर वेगळी लायब्ररी टाकावी लागत नाही. पायथॉनसोबत येणारं सीटाइप्स (विंडोजची फंक्शन्स बोलावणारं मॉड्यूल) पुरतं, हाक मारायची ती मुख्यतः युजर३२ ला, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या विंडोजच्या लायब्ररीला.

आधी एन्यूमविंडोज हे फंक्शन वापरा. ते प्रत्येक विंडोचा हँडल (तिचा ओळख क्रमांक) तुमच्या कॉलबॅकला, म्हणजे तुम्ही लिहून दिलेल्या फंक्शनला देतं, वरच्या थरापासून खालच्या थराकडे. कॉलबॅकने दर वेळी ट्रू परत करायचं, नाहीतर यादी तिथेच थांबते.

आलेल्या यादीत पुष्कळ कचरा असतो. इझविंडोव्हिजिबलने न दिसणाऱ्या विंडो गाळा, शीर्षक रिकामं असलेल्याही काढा. तरी विंडोज १० वर सेटिंग्ससारखी झोपलेली ॲप्स उरतात. ती 'दिसणारी' म्हणून नोंदलेली असतात, पण प्रत्यक्षात झाकलेली असतात. डीडब्ल्यूएमच्या (विंडो पडद्यावर रंगवणारा विंडोजचा भाग) गेटविंडोॲट्रिब्यूटला १४ क्रमांकाचा गुणधर्म विचारा. उत्तर शून्य नसेल तर ती विंडो सोडा. मात्र दुसऱ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवरच्या विंडोही अशाच झाकलेल्या असतात. असे डेस्कटॉप वापरत असाल तर ही गाळणी लावू नका.

बरेच जण इथेच थांबतात. मला ते पटत नाही, कारण वरचा थर म्हणजे अलीकडचा वापर असं दर वेळी नसतं. गाण्यांसाठी व्हीएलसी 'ऑल्वेज ऑन टॉप' करून ठेवलं तर दिवसभर हात न लावताही ते यादीत वरच राहतं. उलट, आत्ताच वापरून मिनिमाइझ केलेली पत्रिका तळाशी जाते. खरा क्रम हवा असेल तर तो आपणच नोंदवायला हवा.

त्यासाठी सेटविनइव्हेंटहुक. सांगितलेली घटना घडली की ते आपल्या कॉलबॅकला कळवतं. पहिली दोन्ही मूल्यं ३ द्या. फोरग्राउंड, म्हणजे समोरची सक्रिय विंडो, बदलल्याच्या घटनेचा तो क्रमांक आहे. शेवटचा फ्लॅग ०. प्रोग्राम सुरू होताना एन्यूमविंडोजची गाळलेली यादी भरून ठेवा. मग घटना आली की तो हँडल यादीतून काढून सगळ्यात पुढे घाला. 'प्रिंट'सारख्या डायलॉगचा हँडल आला तर गेटॲन्सेस्टरला ३ देऊन मूळ विंडो शोधा, म्हणजे नोंद पत्रिकेच्याच नावावर पडेल. यादी दाखवताना बंद झालेल्या विंडो इझविंडोने गाळा.

दोन ठिकाणी माझा वेळ गेला. गेटमेसेजचं लूप (विंडोजचे निरोप सतत उचलणारं) चालू नसेल तर हुक लागतो, पण एकही घटना पोचत नाही. आणि कॉलबॅक ग्लोबल व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला नाही तर पायथॉन तो कचरा समजून टाकून देतं आणि प्रोग्राम मधेच कोसळतो.

आता लाइन जाण्याचा बंदोबस्त. प्रत्येक घटनेला वेळ आणि त्या क्षणाचं शीर्षक फाइलमध्ये लिहा. लगेच फ्लश आणि एफसिंक करा, नाहीतर शेवटच्या ओळी मेमरीतच राहून जातील. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा. नाहीतर 'चि. सौ. कां.' असं फाइलचं नाव असलेली विंडो आली की लिहिताना एरर येते. शीर्षक वाचायला गेटविंडोटेक्स्टच्या नावाशेवटी डब्ल्यू असलेला प्रकार घ्या. देवनागरी नीट येते.

लिनक्सवर एक्स११ (विंडो दाखवणारी यंत्रणा) असेल तर डब्ल्यूएमसीटीआरएल ही कमांड यादी देते, पण ती उघडल्याच्या क्रमाने. तिथेही सक्रिय विंडोवर लक्ष ठेवून स्वतःच नोंद करावी लागते.

प्रोग्राम स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा आणि पायथॉनडब्ल्यूने चालवा, म्हणजे त्याची स्वतःची काळी खिडकी यादीत घुसणार नाही.